छत्तीस की शेहेचाळीस? ज्यू धर्मशास्त्रातला ‘गेर’ आणि आपल्याकडचा ‘उपरी’

तालमूद म्हणजे ज्यू धर्मशास्त्रावरच्या वादविवादांचा प्रचंड संग्रह. त्यात ‘बाबा मेत्सिया’ नावाचा एक भाग आहे. विषय तसा रुक्ष आहे. हरवलेली वस्तू सापडली तर कुणाची, ठेव बुडाली तर भरपाई कुणी द्यायची, मजुरी कधी द्यायची, सौद्यात फसवणूक कशाला म्हणायचं, असं सगळं. या हिशेबी चर्चेत मध्येच रब्बी एलिएझर यांच्या नावावर एक आकडा येतो. परक्याला छळू नका, असं तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, ३६ वेळा बजावलं आहे. आणि त्याला लागूनच येतं की काही जण म्हणतात, ४६ वेळा.

बस. वाद न मिटवता चर्चा पुढे जाते.

मी एम.एस्सी.ची. आमच्या प्रयोगशाळेत दोघांचं मोजमाप दहाने चुकलं असतं तर गाईडने दोघांनाही उभं केलं असतं. मला हा प्रकार वाचताना आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं की संशोधन पद्धतीच्या पेपरात जे पहिल्या महिन्यात शिकवतात तेच हे आहे. मोजणी चुकलेली नाही. मोजायचं काय, याची व्याख्या वेगळी आहे. नुसता ‘परका’ हा शब्द आला की एक धरायचा? की त्याच्याशी कसं वागायचं याचा नियम आला तरच? एका वाक्यात दोन मनाया असल्या तर एक की दोन? तुम्ही पेट किंवा सेटची तयारी करत असाल तर ‘कार्यात्मक व्याख्या’ हा शब्द पाठ केला असेलच. हे त्याचं सुमारे दोन हजार वर्षं जुनं उदाहरण.

म्हणून या लेखात आधी शब्द बघू, मग कायदा, आणि मग तो कायदा मानणारी माणसं स्वतः परकी होऊन आपल्या कोकणात आली तेव्हा काय झालं ते बघू. तिसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे तो लांबेल.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘गेर’. हिब्रू बायबलमध्ये तो नव्वदच्या वर वेळा येतो. ढोबळ अर्थ, बाहेरून येऊन आपल्यात राहिलेला. पण बाहेरच्या माणसासाठी हिब्रूत एकच शब्द नाही. ‘नोखरी’ म्हणजे पूर्ण परदेशी, व्यापाराला आलेला, आज ना उद्या परत जाणारा. ‘तोशाव’ म्हणजे मुक्कामाला राहिलेला. आणि ‘एझराख’ म्हणजे मूळचा, इथल्या मातीतला. गेर या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. तो राहतो इथेच, काम करतो इथेच, पण त्याची जमीन इथे नाही. वंशाप्रमाणे वाटणी होऊन मिळालेली वडिलोपार्जित जमीन हाच त्या समाजात माणसाचा आधार होता, आणि नेमका तोच गेरकडे नाही. त्याच्या बाजूने बोलायला भाऊबंदही नाहीत.

मराठीत याला काय म्हणायचं? ‘परदेशी’ म्हटलं तर तो नोखरी होतो. ‘पाहुणा’ म्हटलं तर चार दिवसांचा. ‘निर्वासित’ म्हटलं की छावणी आणि रेशनकार्ड डोळ्यांपुढे येतं. ‘परका’ हा शब्द भावनेचा आहे, हक्काचा नाही. मी बराच काळ ‘उपरा’वर अडून होते. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनामुळे त्या शब्दाला आपल्याकडे वजन आलंय. मग पेशवाईतल्या गावगाड्यावरचं वाचन करताना एक जुना शब्द समोर आला आणि एकदम जुळला. ‘उपरी’.

इतिहासाचे विद्यार्थी नसाल तर थोडक्यात सांगते. देशावरच्या गावात शेती करणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. मिरासदार म्हणजे ज्याची जमीन पिढीजात, विकता येणारी, वारशाने जाणारी. गावच्या बैठकीत त्याला मान, गावच्या भांडणात त्याची साक्ष. उपरी म्हणजे बाहेरून येऊन दुसऱ्याची किंवा पडीक जमीन कसणारा. तो कसतो, सारा भरतो, कधीकधी दोन-तीन पिढ्या तिथेच असतो, तरी गाव त्याचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे प्रांताचे अहवाल लिहिले तेव्हा मिरासी आणि उपरी हा फरक त्यांना पानोपानी नोंदवावा लागला. एझराख आणि गेर यांच्यातला फरक मला याच्याइतका चांगला दुसऱ्या कशाने समजला नाही. प्रश्न धर्माचा किंवा रंगाचा नंतर येतो. आधी प्रश्न असा की जमीन कुणाची, आणि पंचांपुढे तुझ्या बाजूने कोण उभं राहणार?

हे डोक्यात ठेवून तोरातले नियम वाचले की ते उपदेश वाटत नाहीत, चक्क तरतुदी वाटतात. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेतकऱ्याला सांगितलंय की कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापायच्या नाहीत, पडलेली कणसं उचलायची नाहीत, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. द्राक्षमळ्याचा आणि जैतुनाचा दुसरा तोडा करायचा नाही. ते सगळं गेर, विधवा आणि पोरक्यांचं. आपल्याकडे यालाच ‘सरवा’ म्हणतात. मावळातल्या जुन्या बायकांना विचारा, भात काढल्यावर सरवा वेचायला जायचो असं सांगणाऱ्या भेटतील. फरक इतकाच की तोरात तो मालकाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. शेताची कड कापून नेणारा मालक स्वतःचं धान्य नेत नाही, दुसऱ्याचं नेतो, असा त्यामागचा विचार आहे.

मजुरीचंही तसंच. गरीब मजूर आपला असो की गेर, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची. आठवड्याची सुट्टी, म्हणजे शब्बाथ, घरच्यांबरोबर गेरलाही. दर तिसऱ्या वर्षी पिकाचा दशमांश गावात साठवायचा आणि त्यावर लेवी, गेर, पोरकी मुलं आणि विधवा यांनी पोट भरायचं. हातून नकळत खून झाला आणि मेलेल्याचे नातेवाईक सूड घ्यायला मागे लागले तर पळून जाण्यासाठी सहा आश्रयनगरं ठरवलेली होती, त्यांचा दरवाजा गेरलाही उघडा. न्याय दोघांना एकच.

यापेक्षा एक नियम मला जास्त धाडसी वाटतो. मालकापासून पळून आलेला गुलाम तुमच्याकडे आला तर त्याला परत द्यायचं नाही, त्याला आवडेल त्या गावात राहू द्यायचं, त्याला पिडायचं नाही. याचं महत्त्व शेजारी काय चाललं होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात पळालेला गुलाम घरात लपवून ठेवणाऱ्याला मृत्युदंड आहे. म्हणजे एकाच प्रदेशातल्या दोन कायद्यांपैकी एक आश्रय देणाऱ्याला मारतो आणि दुसरा परत पाठवू नकोस म्हणतो. तुलना कशी करावी याचं हे चांगलं उदाहरण आहे. पण सावकाश. दोन्ही कायद्यांमध्ये कित्येक शतकांचं अंतर आहे आणि कायदा लिहिला म्हणजे पाळला असा अर्थ होत नाही. व्हायव्हामध्ये परीक्षक पहिलं हेच विचारतील.

हे नियम नेमके का आले यावरही वाद आहेत. एक मत असं की इ.स.पूर्व आठव्या शतकात अ‍ॅसिरियाने उत्तरेचं इस्राएलचं राज्य बुडवलं तेव्हा तिकडून लोंढे दक्षिणेला यहुदात आले. त्याच सुमारास जेरूसलेम शहर कित्येक पटींनी वाढल्याचं उत्खननात दिसतं. म्हणजे हा कायदा लिहिणाऱ्यांच्या दारात खरोखरचे निर्वासित उभे असावेत. पटण्यासारखं आहे, पण शहर वाढण्याला दुसरी कारणंही असू शकतात आणि त्यावर पुरातत्त्ववाले अजून भांडतायत.

तोरा स्वतः जे कारण देते ते मात्र एकच आहे आणि ते पुन्हा पुन्हा येतं. मिसर देशात तुम्हीही असेच होता. निर्गम या पुस्तकात तर त्याला जोडून म्हटलंय की परक्याच्या जिवाला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. तर्क बघा. परका चांगला आहे म्हणून नाही, तो उपयोगी पडेल म्हणूनही नाही. तुमच्याकडे अनुभवाचा डेटा आहे, आता ‘माहीत नव्हतं’ म्हणू नका.

हा अनुभव विसरला जाऊ नये म्हणून वर्षातून एकदा, पेसाहच्या रात्री, घरातल्या सगळ्यांनी जेवणाआधी मिसरमधून सुटकेची गोष्ट वाचायची असते. त्या पोथीला हग्गादा म्हणतात. आणि इथे आपण पुण्यात येतो. हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेली हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, आणि १८७४ मध्ये पुण्यात शिळाप्रेसवर आणखी एक निघाली. पुण्याच्या प्रतीत चित्रं आहेत. त्यात सणाची बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका आपल्याकडच्या बायकांसारख्याच जमिनीवर बसलेल्या, आपल्याकडच्यासारख्याच नेसलेल्या आहेत. मिसरमधल्या परकेपणाची गोष्ट, मराठीत, पुण्यात छापलेली. ज्यांच्यासाठी छापली ते लोक म्हणजे बेने इस्राएल.

आता थोडं अडचणीचं. आतापर्यंत मी सांगितलं ते सगळं एका बाजूचं होतं, आणि या विषयावरचे बरेच लेख तिथेच थांबतात. माझ्या मते हे आपल्याला सोयीचे नसलेले बिंदू आलेखातून पुसण्यासारखं आहे. त्याच तोरात नोखरीकडून व्याज घ्यायला परवानगी आहे, आपल्या माणसाकडून नाही. आपोआप मेलेल्या जनावराचं मांस स्वतः खायचं नाही, पण गेरला द्यायला हरकत नाही. मुक्कामाला आलेल्यांच्या मुलांना कायमचे गुलाम म्हणून ठेवता येतं. कनानच्या मूळ रहिवाशांबद्दल तर जे लिहिलंय ते वाचवत नाही. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत सभेत प्रवेश नाही, कारण काय तर इस्राएली लोक मिसरमधून येताना मवाबींनी त्यांना अन्नपाणी विचारलं नाही. म्हणजे आतिथ्य न केल्याची शिक्षा आतिथ्य नाकारून!

आणि याच ग्रंथात रूथची गोष्टही आहे. रूथ मवाबी आहे. नवरा मेल्यावर ती सासूबरोबर बेथलेहेमला येते, बवाजच्या शेतात सरवा वेचते, पुढे त्याच्याशी लग्न करते आणि दावीद राजाची पणजी होते. मवाबींवरची बंदी आणि मवाबी पणजी एकाच पोथीत. पुढे रब्बींनी यातून वाट काढली की बंदी पुरुषांपुरती आहे, बायकांना नाही. तुम्ही याला पळवाट म्हणा, मी याला एका समाजाने आपल्याच कायद्याशी घातलेला वाद म्हणेन. उलट दिशेचंही उदाहरण आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून परतल्यावर एज्राने परक्या बायकांना मुलांसकट घरातून पाठवून द्यायला लावलं. तेही त्याच ग्रंथात आहे.

पुढे गेर या शब्दाचा अर्थच सरकला. ग्रीक भाषांतरात त्यासाठी बहुतेक ठिकाणी जो शब्द आला त्याचा अर्थ हळूहळू ‘धर्मांतर करून आलेला’ असा झाला, आणि रब्बींच्या लेखनातही गेर म्हणजे मुख्यतः तोच. मग नियमांचा फायदा कुणाला? आत आलेल्याला की नुसत्या शेजारी राहणाऱ्याला? ३६ की ४६ या वादामागे हाही पेच आहे. तालमूद मात्र एक गोष्ट पक्की सांगते. आत आलेल्याला त्याच्या वाडवडिलांची आठवण करून देऊन टोचायचं नाही. शब्दाने दुखावणं ही पैशाच्या फसवणुकीपेक्षा वाईट, कारण पैसे परत करता येतात. तिथेच एक म्हणही येते. ज्याच्या घरात कुणी फासावर गेलंय त्याच्यापुढे हा मासा टांगून ठेव असंसुद्धा म्हणू नये. तुमचे स्वतःचे पूर्वज परके होते ना, मग तोच डाग दुसऱ्याला दाखवू नका, असा त्याचा रोख.

आता कोकण.

अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरागत आठवण अशी की दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना गावकऱ्यांनी तिथेच पुरलं. त्यांच्याजवळ ग्रंथ उरले नाहीत. लक्षात राहिलं ते एवढंच की शनिवारी काम करायचं नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, काही मासे खायचे नाहीत, आणि शेमा ही प्रार्थना म्हणायची. ते तेल गाळायचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावं गावावरून पडली. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर.

हा इतिहास आपल्यापर्यंत मुख्यतः हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्यामुळे पोचला. ते याच समाजातले. त्यांनी १८९७ मध्ये पुस्तक लिहून पूर्ण केलं आणि ते छापून यायला १९३७ उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये. जहाजाची तारीख त्यांनी इ.स.पूर्व १७५ च्या आसपास धरली. इथे पुन्हा संशोधकाची टोपी घालू. परंपरा, तर्काने काढलेली तारीख आणि पुरावा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ मध्ये या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी आणि भारतीयांशी, दोन्हीकडचं नातं ठळक दिसलं, आणि या दोन्हींची सरमिसळ साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची निघाली. लगेच काही जणांनी ‘म्हणजे ते तेव्हा आले’ असा निष्कर्ष काढला. तसा तो निघत नाही. सरमिसळीची तारीख म्हणजे येण्याची तारीख नव्हे. माणसं आधी येऊन कित्येक शतकं वेगळी राहू शकतात.

मला यात रस आहे तो वेगळ्याच कारणाने. गेरला कसं वागवा हे सांगणारी माणसं इथे स्वतः गेर झाली. आणि जे वागवणार होते त्यांच्याकडे तोरा नव्हती. तरी बेने इस्राएलांच्या आठवणीत कोकणात ज्यू म्हणून छळ झाल्याची गोष्ट नाही. युरोपातल्या ज्यूंच्या इतिहासाशेजारी हे ठेवलं की त्याची किंमत कळते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे, तिथून प्रेषित एलियाहू रथातून स्वर्गात गेला असं ते मानतात. नवस फेडायला तिथे जातात, आणि एलियाहूच्या नावाने पोहे, खोबरं, साखर आणि फळांचं ताट करतात, त्याला मलिदा म्हणतात. प्रेषित पॅलेस्टाइनचा आणि पोहे कोकणातले. परक्याला जागा मिळाली याचा यापेक्षा चांगला पुरावा मी शोधायला जाणार नाही.

पण जागा मिळाली कशी? जातीच्या उतरंडीतून. आश्रय मिळाला तो तेल्याच्या पायरीवर. गावाने त्यांना हाकललं नाही आणि आपल्या पंगतीलाही घेतलं नाही. खरं सांगायचं तर आपल्याकडच्या प्रसिद्ध सहिष्णुतेचं यंत्र असंच चालतं. प्रत्येकाला एक खोली, आणि खोल्यांना आतून-बाहेरून कड्या. त्यांनीही ही पद्धत उचलली. विधवेचं पुनर्लग्न त्यांच्यात वर्ज्य मानलं जाऊ लागलं, म्हणजे रूथला कोकणात बवाज मिळाला नसता. आणि समाजाच्या आत ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन भाग पडले. ज्यांची आई बाहेरची असल्याचं सांगितलं जाई ते काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, एका ताटात जेवण नाही. बाहेरून आत आलेल्याच्या मुलाला त्याच्या मुळाची आठवण रोज करून द्यायची. तालमूदने नेमकं जे करू नका म्हटलं ते. अर्थात तालमूद तेव्हा त्यांच्याजवळ नव्हती, हे लिहिणंही न्यायाचं आहे.

ग्रंथ जवळ असलेल्यांनी काय केलं? १८३२ मध्ये डेव्हिड ससून मुंबईत आले. बगदादचे मोठे घराणे, पण तिथल्या दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून आधी बुशेहरला आणि मग इकडे पळून आलेले. म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थाने निर्वासित. पुण्यात आपण ज्याला नुसतं ‘ससून’ म्हणतो ते रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं, आणि कॅम्पातलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे आपलं लाल देऊळ, तेही त्यांचंच. १८६४ मध्ये ते पुण्यातच वारले आणि त्याच आवारात त्यांची समाधी आहे. जातपात न बघता लाखो माणसं ज्या रुग्णालयात बरी झाली ते एका पळून आलेल्या माणसाच्या पैशातून झालं.

आणि याच बगदादी ज्यूंनी १८३६ मध्ये सरकारकडे अर्ज केला की मुंबईच्या सामाईक दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत घाला. शंका एकच की हे लोक खरे ज्यू आहेत का, यांच्यात सरमिसळ झालीय का. पुढे रंगूनमध्ये बेने इस्राएलांना सिनेगॉगच्या कारभारात मत द्यायला नकार मिळाला, तेव्हा प्रकरण थेट तिथल्या उच्च न्यायालयात गेलं आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. मेलेल्या माणसांच्या मध्ये भिंत घालणाऱ्या या अर्जाजवळ मी फार वेळ थांबते. अर्ज करणारे सगळे दर वर्षी हग्गादा वाचत होते.

तीसच्या दशकात आणखी एक लाट आली. हिटलरच्या जर्मनीतून, मग ऑस्ट्रियातून पळालेले ज्यू. १९३४ मध्ये मुंबईत ज्यूईश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. ब्रिटिश सरकारची अट अशी की येणारा माणूस सरकारवर बोजा होणार नाही याची कुणीतरी हमी द्यावी. या संस्थेने तशा हमी घेतल्या, नोकऱ्या शोधल्या, भाषा शिकवली. शेताची कड न कापण्याचं हे विसाव्या शतकातलं रूप म्हणता येईल. संगीतकार वॉल्टर कॉफमन याच काळात मुंबईत आले. आकाशवाणीची ओळखधून आपण त्यांच्या नावाने ओळखतो. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि हिटलरपासून जीव वाचवून आलेल्यांकडे जर्मन पासपोर्ट आहे म्हणून ब्रिटिशांनी त्यांना ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ ठरवलं. नाझी आणि ज्यू दोघेही अहमदनगरच्या एकाच छावणीत! नंतर छाननी होऊन बरेच ज्यू सुटले, काहींना पुरंदरच्या वस्तीत ठेवलं गेलं. पुरंदर चढायला दर पावसाळ्यात जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? व्याख्या चुकली की काय होतं ते इथे दिसतं. कागदावर नागरिकत्वाचा रकाना होता, पळून येण्याच्या कारणाचा नव्हता.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. आता तरी ते एझराख व्हायला हवे होते. पण पहिल्या काही वर्षांतच कामात आणि घरांत भेदभाव होतो म्हणून त्यांच्यातल्या काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं आणि १९५२ मध्ये ते भारतात परत आले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने निर्देश काढला की बेने इस्राएल वधू-वराचं लग्न लावताना त्यांच्या पूर्वजांची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. पुन्हा तोच प्रश्न, तुमची आजी कोण होती? समाजाने आंदोलन केलं, जेरूसलेममध्ये मोठी निदर्शनं झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, आणि धर्मपीठाने हा अन्याय दूर करावा. त्यानंतर निर्देश बदलला. इकडे भारतात ते आता काही हजारच उरलेत आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मी देहूरोडला राहते म्हणूनही हा विषय मला सोडत नाही. हे गाव दारूगोळ्याच्या डेपोभोवती वाढलं. लोकलमधून उतरून बाजारात गेलात तर दहा मिनिटांत तमिळ, तेलुगू, मल्याळम, पंजाबी कानावर पडतात. इथल्या बुद्धविहारातली मूर्ती रंगूनहून आली आणि बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला तिची स्थापना केली. तीन स्टेशनं पलीकडे पिंपरी कॅम्प, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची वसाहत. आणि या सगळ्या पट्ट्यात ओळख झाली की पाचव्या मिनिटाला विचारलं जातं, “पण तुम्ही मूळचे कुठले?” बहुतेक वेळा प्रेमानेच. तीन पिढ्या इथे काढलेला माणूसही मग दोन हजार किलोमीटरवरच्या एका खेड्याचं नाव सांगतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. देश पुन्हा वसवला जाईल तेव्हा जमिनीची वाटणी करताना तुमच्यात राहून ज्यांना मुलंबाळं झाली त्या गेरनाही वाटा द्यायचा, आणि ज्या वंशात ते राहत असतील त्याच वंशात द्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर उपरी मिरासदार होणार. बाकीचे सगळे नियम त्याला सरवा देतात, हा नियम शेत देतो. हे तेव्हा प्रत्यक्षात आलं नाही, ते एका बंदिवानाने परमुलखात बसून लिहिलेलं चित्र आहे.

कुणाला या विषयावर छोटा प्रबंध करायचा असेल तर सुचवते. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनांची बरीच मराठी भाषांतरं केली. पंडिता रमाबाईंनी केडगावला, दुष्काळातून आलेल्या मुलीबाळींना सांभाळत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १८४६ आणि १८७४ च्या हग्गादा आहेतच. एक तक्ता करा. डावीकडे मूळ वचन, पुढे प्रत्येक भाषांतरात ‘गेर’साठी वापरलेला शब्द. परका, उपरी, परदेशी, पाहुणा, जो असेल तो, आणि तो तिथे का निवडला असेल. सुरुवात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायापासून करा. आणि मोजायला लागायच्या आधी, काय मोजताय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.